मैला उचलणारा प्राध्यापक : अप्पासाहेब पटवर्धन

मराठी विभागासाठी एका थोर व्यक्तीचं चरित्र लिहून दे, असं संपादक मंडळातल्या सीनियर ताईंनी सांगितलं, तेव्हा आधी नेहमीचीच नावं डोळ्यांसमोर आली. सर विश्वेश्वरय्या आपल्याला दरवर्षी इंजिनिअर्स डेला भेटतात. कलाम सरांवर तर प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक अंकात एक लेख असतोच. म्हटलं, आपण जरा वेगळा माणूस घ्यावा. ज्याच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती, ज्याने पूल बांधला नाही की धरण बांधलं नाही, पण एका प्रॉब्लेमच्या मागे आयुष्यातली कित्येक वर्षं घालवली. कोणता प्रॉब्लेम? तर संडास!

हसू नका. आणि हा अंक कोणी मेसमध्ये बसून वाचत असेल, तर त्याने आधी जेवण आटपावं आणि मगच पुढे वाचावं. दुसरी एक विनंती. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या.

या माणसाचं नाव मला कुठल्याही पुस्तकात भेटलं नाही. ते भेटलं धाडला, काकांच्या मळ्यात, सेप्टिक टँकच्या उघड्या झाकणाजवळ. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

धाड हे आमचं मूळ गाव. बुलढाणा तालुक्यात, बुलढाण्याहून भोकरदनकडे जाताना लागतं. गाव विदर्भातलं, पण थोडं पुढे गेलं की मराठवाडा सुरू. गावाबाहेर काकांचा मोठा मळा आहे. मळ्यातच घर, गोठा, विहीर आणि सालगडी मामांची खोली. आबा-आजी आणि मामांचं कुटुंब धरून रोजची दहा माणसं. घर बांधताना मिस्त्रीने अंदाजाने एक टाकी बांधून दिली, तिचं पाणी जिरायला शेजारी एक शोषखड्डा खणला, वर फरशी टाकली आणि विषय संपवला. जागा भरपूर, मग काळजी कसली, असं सगळ्यांना वाटलं.

मागच्या दिवाळीत मी सुट्टीला गेले तेव्हा काकू वैतागलेली होती. संडासात पाणी टाकलं की ते खाली जायच्या ऐवजी वर येत होतं. घरामागे सगळीकडे ओल आणि वास. काकांनी फोन करून दोन माणसं बोलावली. ती बादली, दोर आणि फावडं घेऊन आली. फरशी सरकवली. त्यांच्यातला लहान, साधारण माझ्याच वयाचा असेल, त्याने तोंडाला रुमाल बांधला आणि पाय आत सोडून काठावर बसला.

मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेप्टिक टँकचं डिझाइन आम्हाला सिलॅबसमध्ये आहे, त्यावर मला चांगले मार्कही आहेत. पण खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. मी नाक दाबून बाजूला उभी होते. ओरडले ते आबा. पंच्याऐंशी वर्षांचे आबा बाजेवरून काठी टेकत उठले आणि त्या मुलाला दंडाला धरून मागे ओढलं. दोघांना दिवसाची मजुरी दिली, चहा पाजला आणि परत पाठवलं. काका चिडले. ऐन सणात टाकी तुंबलेली आणि आबा माणसं परत पाठवतात म्हणजे काय!

संध्याकाळी आबांनी मला जवळ बसवलं. ते जुने शिक्षक, तरुणपणी सर्वोदयाच्या माणसांत वावरलेले. त्यांनी ट्रंकेतून एक जुनं पुस्तक काढलं. नाव होतं माझी जीवनयात्रा. लेखक अप्पासाहेब पटवर्धन. ते वाचून आणि आबांकडून ऐकून जे कळलं ते इथे सांगते.

अप्पासाहेबांचं पूर्ण नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. जन्म ४ नोव्हेंबर १८९४ रोजी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आगरगुळे गावी. घर ब्राह्मणाचं. त्या काळातलं कोकण म्हणजे सोवळं-ओवळं कडक. कोणी कोणाच्या विहिरीवर पाणी भरायचं, कोणी कोणाच्या अंगणात पाय ठेवायचा, सगळं जन्मावर ठरलेलं. आणि गावातली, शहरातली घाण कोणी उचलायची, हेही जन्मावरच ठरलेलं.

मुलगा हुशार निघाला. शिकत शिकत एम.ए. झाला. आज गल्लोगल्ली पोस्ट ग्रॅज्युएट भेटतात, पण शंभर वर्षांपूर्वी एम.ए. म्हणजे मोठी गोष्ट होती. पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. हेच कॉलेज आज एस.पी. कॉलेज म्हणून सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे करिअर सेट! आपल्या भाषेत सांगायचं तर कॅम्पसमधून पहिल्याच दिवशी प्लेसमेंट.

पण तरुण अप्पासाहेबांच्या मनावर गांधीजींच्या विचारांचा परिणाम झाला आणि ते नोकरी सोडून साबरमतीच्या आश्रमात गेले. तिथल्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी शिकवलं. आश्रमात एक नियम सगळ्यांना सारखा होता. संडास साफ करायला बाहेरचं कोणी येणार नाही, आश्रमातल्या माणसांनीच तो साफ करायचा. बॅरिस्टर असो की प्रोफेसर, पाळी आली की बादली उचलायची. आज हॉस्टेलवर नुसती खोली झाडायची पाळी आली तरी आपली भांडणं होतात, त्यावरून या नियमाचा विचार करा.

इतर अनेकांनी हा नियम पाळला आणि आश्रम सोडल्यावर तो मागे पडला. अप्पासाहेबांच्या बाबतीत मात्र तो आयुष्यभर चिकटला. ते कोकणात परतले, तिथे खादीचं आणि अस्पृश्यता निवारणाचं काम सुरू केलं. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवादही त्यांनीच केलाय. सत्याचे प्रयोग आपण मराठीत वाचतो ते याच माणसामुळे, हे मला आधी माहीत नव्हतं. १९३० साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्यातही ते होते. त्यांच्या साधेपणामुळे लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणू लागले.

आता त्यांच्या आयुष्यातला तो प्रसंग, जो ऐकून मला त्या टाकीच्या काठावरचा मुलगा पुन्हा दिसला.

१९३२ साल. कायदेभंगाच्या चळवळीत अप्पासाहेब रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातले संडास साफ करण्याचं काम, ज्याला त्या वेळी भंगीकाम म्हणत, ते ठरावीक जातीच्या कैद्यांनाच दिलं जायचं. म्हणजे बाहेरची जात तुरुंगाच्या भिंतीच्या आतही पाळली जात होती, आणि तीही सरकारी नियमाने! अप्पासाहेबांनी मागणी केली की हे काम मला करू द्या. तुरुंगाने नकार दिला. वरच्या जातीच्या माणसाला हे काम देता येत नाही, असा नियम दाखवला.

विचार करा, तुरुंगात लोक कशासाठी भांडतात? चांगलं जेवण, पुस्तकं, घरच्यांची भेट. हा माणूस भांडत होता मैला उचलू द्या म्हणून. परवानगी मिळेना तेव्हा त्यांनी अन्न अगदी कमी केलं. तब्येत ढासळू लागली. गांधीजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथे पुणे करार झालेला होता. अप्पासाहेबांची बातमी कळल्यावर ३ डिसेंबर १९३२ रोजी गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला. सरकारची पळापळ झाली. मागणीचा विचार करू असं आश्वासन मिळालं आणि उपवास सुटला.

या प्रसंगात मला सगळ्यात जास्त भिडलं ते हे, की अप्पासाहेबांनी दुसऱ्या कैद्यांची दया आली म्हणून पत्रक काढलं नाही. त्यांनी त्या कामात स्वतःचा वाटा मागितला. घाण सगळ्यांची, तर साफ करण्याची पाळीही सगळ्यांची, इतका सरळ हिशोब.

पण इथे एक प्रश्न उरतोच. समजा आपण सगळ्यांनी पाळ्या लावून मैला उचलला, तरी काम घाणेरडं ते घाणेरडंच. मग ते कामच असं करता आलं तर, की कोणालाच हाताने मैला उचलावा लागू नये? हा प्रश्न इंजिनिअरिंगचा आहे. आणि स्वातंत्र्यानंतर अप्पासाहेब नेमके या प्रश्नाकडे वळले.

१९४८ साली त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम उभा केला. आज कणकवली सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतं, तेव्हा सगळा रत्नागिरीच होता. गोपुरीत शेती, गाई आणि ग्रामोद्योग होते. मेलेल्या जनावरांचं कातडं सोडवून कमावण्याचं कामही होतं. तेही त्या काळी ठरावीक जातीचं मानलं जाई, म्हणून अप्पासाहेबांनी ते स्वतः केलं. आणि याच आश्रमात त्यांच्या संडासाच्या प्रयोगांनी आकार घेतला.

त्या वेळी शहरांत टोपलीचे संडास होते. खाली टोपली किंवा डबा, आणि रोज सकाळी कोणीतरी माणूस येऊन तो डोक्यावरून घेऊन जाणार. खेड्यांत तर सगळे बाहेरच. शहरासारखी गटारं खेड्यात आणणं परवडणारं नव्हतं, आणि कोकणात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीही मारामार. म्हणून अप्पासाहेबांनी असा संडास बसवायचं ठरवलं जो शेतकऱ्याला परवडेल, कमी पाण्यात चालेल, वास मारणार नाही आणि ज्यातून शेवटी उपयोगाची वस्तू बाहेर पडेल.

गोपुरी संडासाची कल्पना सोपी आहे. खाली दोन कप्पे. एक वापरायचा, वर माती, राख किंवा पालापाचोळा टाकत राहायचं. तो भरला की बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याचं खत होऊन जातं. काळंभोर, कोरडं, वास नसलेलं. मग ते फावड्याने काढून शेतात टाका. याला सोनखत म्हणतात, नाव किती छान आहे बघा. इथे माणूस ज्याला हात लावतो ते खत असतं, मैला नसतो. मधला सगळा घाणेरडा भाग जंतू आणि वेळ या दोघांनी करून टाकलेला असतो. डिझाइनमध्ये वेळ हा एक पार्ट म्हणून वापरलाय! आमच्या सरांनी हे असं शिकवलं असतं तर मी जन्मात विसरले नसते.

अप्पासाहेब एवढ्यावर थांबले नाहीत. त्या काळी गोबर गॅसचे प्रयोग देशात सुरू झाले होते. शेणापासून गॅस होतो तर माणसाच्या मैल्यापासून का नाही, म्हणून त्यांनी १९५० च्या दशकात गोपुरीत संडास थेट गॅसच्या टाकीला जोडला. हवा बंद टाकीत मैला कुजतो, मिथेन तयार होतो आणि तो चुलीला मिळतो. आजही अनेक घरांत हा गॅस स्वयंपाकाला चालत नाही. विटाळ होतो म्हणे! सत्तर वर्षांपूर्वी त्यावर अन्न शिजवून खायचं म्हणजे काय हिंमत लागली असेल, याची आपण कल्पनाच करावी.

आता पुन्हा धाडला येऊ, कारण अप्पासाहेबांचं आयुष्य वाचल्यावर मी आमच्या टाकीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. सेप्टिक टँक म्हणजे नक्की काय, हे नॉन-सिव्हिलवाल्या मित्रांसाठी थोडक्यात सांगते.

सेप्टिक टँक म्हणजे मैला साठवायचा हौद नाही. बहुतेक लोकांचा इथेच गैरसमज होतो. ती एक बंद, पाणी न झिरपणारी टाकी असते. संडासाचं पाणी एका बाजूने आत येतं आणि साधारण दिवस-दोन दिवस तिथे संथ थांबतं. जड भाग तळाला बसतो, तो गाळ. तेल-चरबीसारखा हलका भाग वर तरंगतो, ती साय. मधे त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी राहतं. तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जंतू काम करतात आणि त्याचं आकारमान कमी करतात. बाहेर जाणाऱ्या पाइपला आतून टी बसवलेला असतो, त्यामुळे साय आणि गाळ आतच अडतात आणि फक्त मधलं पाणी बाहेर पडतं. गॅस जायला उंच व्हेंट पाइप लागतो.

पण बाहेर पडलेलं पाणी शुद्ध नसतं, हे लक्षात ठेवा. त्यात रोगाचे जंतू भरपूर असतात. त्याची पुढची सफाई जमीन करते. शोषखड्ड्यातून किंवा चरांतून ते मातीत जिरतं, आणि मातीतले जंतू उरलेलं काम करतात. म्हणजे अर्धी सिस्टीम टाकीत आणि अर्धी जमिनीत. टाकी कितीही भारी बांधा, जमीन पाणी पीत नसेल तर सगळं मुसळ केरात.

आमच्या मळ्यात नेमकं हेच झालं होतं. धाडची जमीन काळी. कपाशीला सोन्यासारखी, पण शोषखड्ड्याला अगदी वैरीण. पावसात काळी माती फुगते आणि पाणी आत घेतच नाही. आपल्या आय.एस. २४७० या स्टँडर्डमध्ये यासाठी साधी टेस्ट आहे. जमिनीत छोटा खड्डा करायचा, रात्रभर पाण्याने भिजत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पाणी २५ मि.मी. उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. ३० मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो. ६० मिनिटांच्या वर गेलं तर शोषखड्ड्याचा नाद सोडायचा. मी आणि चुलत भावाने मोबाइलचं घड्याळ लावून टेस्ट केली. शोषखड्ड्याजवळ तासाभरानेही पाणी जवळपास तिथेच! मग गोठ्याच्या पलीकडे, जिथे हातभर खाली मुरूम लागतो, तिथे केली. वीस-बावीस मिनिटांत उतरलं. म्हणजे मळ्यात योग्य जागा होती, फक्त आधी कोणी शोधली नव्हती. मोठ्या जागेचा फायदा हाच असतो आणि आम्ही नेमका तोच घेतला नव्हता.

दुसरी चूक त्याहून गंभीर. शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर लांब हवा. आमचा भरला बारा मीटर. त्याच विहिरीचं पाणी घरात पितात. हे मोजून सांगितल्यावर काकांचा चेहरा उतरला आणि आबांवरचा राग कुठल्या कुठे गेला.

तिसरी गोष्ट टाकीच्या मापाची. दहा माणसांसाठी दर दोन वर्षांनी गाळ काढायचा असेल तर स्टँडर्डप्रमाणे टाकी आतून २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १.४ मीटर लागते. आमची त्याहून बरीच लहान. तिला व्हेंट पाइप नाही, आत टी नाही. त्यामुळे गाळ थेट शोषखड्ड्यात जाऊन उरलीसुरली छिद्रंही बुजली. वर बाथरूमचं पाणी त्याच टाकीत सोडलेलं आणि आठवड्याला ॲसिडची बाटली. ॲसिडने फरशी चकाचक होते, पण टाकीतले बिचारे जंतू मरतात. मग कुजवणार कोण?

आणि चौथी गोष्ट, जिच्यामुळे आबा ओरडले. टाकीत मिथेन असतो, तसाच हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येणं बंद होतं आणि माणसाला वाटतं की आता हवा बरी आहे. तिथेच तो कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही जातो. पेपरात अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. तोंडाला बांधलेला रुमाल या गॅससमोर काहीही कामाचा नाही. तो मुलगा माझ्या वयाचा होता आणि मी पाच फुटांवर उभी होते, हे अजूनही मला रात्री आठवतं.

अप्पासाहेब १० मार्च १९७१ रोजी गेले. शहात्तर वर्षांचं आयुष्य. गोपुरी आश्रम आजही कणकवलीत आहे. त्यांच्या कामाचा धागा पुढे देहूच्या डॉ. मापुसकरांनी पकडला. १९५९ साली देहूच्या सरकारी दवाखान्यात आलेल्या या डॉक्टरांच्या लक्षात आलं की पेशंटचे बरेचसे आजार उघड्यावरच्या घाणीतून येतात. औषधं देत बसण्यापेक्षा संडास बांधलेले बरे. त्यांनी अप्पासाहेबांचा संडासाला जोडलेला गॅस प्लांट सुधारून मलप्रभा नावाने पुढे आणला. डॉ. मापुसकर २०१५ साली वारले आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

कायदेही आले, पण किती उशिरा! हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा. म्हणजे अप्पासाहेबांच्या तुरुंगातल्या लढ्यानंतर साठ वर्षांहून जास्त. २०१३ च्या दुसऱ्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हाही गुन्हा ठरवला. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. पण भरपाई म्हणजे माणूस मेल्यावरची गोष्ट. मळ्यातल्या टाकीच्या काठावर ना कायदा उभा असतो ना कोर्ट. तिथे उभे असतो आपणच, नाक दाबून.

आमच्या मळ्यात पुढे काय झालं, हे सांगून संपवते. आबांनी दोन दिवस सगळ्यांना गोठ्यामागच्या जुन्या संडासात पाठवलं. तिसऱ्या दिवशी बुलढाण्याहून सक्शनची गाडी आली. पाइप आत सोडून तिने गाळ ओढला, कोणी खाली उतरलं नाही. थोडा गाळ आत ठेवायला सांगितला, कारण त्यातल्या जंतूंमुळे टाकी लवकर कामाला लागते. मग उन्हाळ्यात मुरमाच्या बाजूला नवी टाकी बांधली. माप मी काढून दिलं आणि आमच्या मॅडमकडून तपासून घेतलं. दोन झाकणं गाडीचा रस्ता जवळ पडेल अशी ठेवली, व्हेंट पाइप आणि टी बसवले. शोषखड्डा विहिरीपासून चांगला तीस मीटरवर, उताराच्या बाजूला. बाथरूमचं पाणी वेगळं काढून केळीला दिलंय. ॲसिडची बाटली आजीने स्वतः जप्त केली!

झाकणावर आबांनी चुलत भावाकडून ऑइल पेंटने लिहून घेतलंय की आत माणसाने उतरू नये. मी डिझाइनच्या वहीत बरीच ड्रॉइंग्ज काढली असतील, पण हे त्यातल्या एकातही नव्हतं. टाकी किती लिटरची, पाणी किती तास थांबणार, हे आपण सगळे शिकतो. ती भरल्यावर रिकामी कोण करणार, हा प्रश्न पेपरात येत नाही. अप्पासाहेबांना इंजिनिअरिंग येत नव्हतं, पण हा प्रश्न त्यांनी सगळ्यात आधी विचारला आणि उत्तर शोधायला आधी स्वतः बादली उचलली.

आपल्या हॉस्टेलच्या मागेही एक टाकी आहे, सिमेंटच्या झाकणांची. आपण रोज तिच्यावरून मेसला जातो. ती कधी साफ होते, कशी होते, कोण करतं, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. या सुट्टीनंतर आल्या आल्या वॉर्डन मॅडमना विचारलं. त्यांनी रजिस्टर काढून दाखवलं, त्यात गाडीच्या तारखा होत्या. बरं वाटलं. पुढच्या वेळी गाडी येईल तेव्हा आम्ही सिव्हिलवाले बघायला जाणार आहोत, मॅडमनी परवानगी दिली आहे. ज्यांना यायचंय त्यांनी नाव द्यावं. नाक दाबायला रुमाल आणला तरी चालेल, पण डोळे उघडे ठेवा.